निरोप घेऊन येणारी लिंक

शाळेजवळच्या दुकानात तुम्ही ताईबरोबर वह्या घ्यायला गेला आहात. "काका, किती झाले?" ताईने विचारले. "पंच्याऐंशी," काका म्हणाले. ताईने मोबाइल काढला आणि गल्ल्याजवळ चिकटवलेल्या काळ्या-पांढऱ्या चौकोनासमोर धरला. क्षणात पडद्यावर दुकानाचे नाव आले. रक्कम मात्र तिला स्वतः लिहावी लागली.

संध्याकाळी घरी बसून तिने एका संकेतस्थळावरून एक पुस्तक मागवले. तेथे 'यूपीआयने पैसे द्या' असे लिहिलेल्या बटणावर बोट ठेवताच सकाळचेच ॲप आपोआप उघडले. गंमत अशी, की या वेळी नाव तर आलेच, पण २४० रुपये ही रक्कमसुद्धा आधीच लिहिलेली होती!

फोन तोच, ॲपही तेच. मग सकाळी रक्कम लिहावी लागली आणि संध्याकाळी नाही, असे का? संकेतस्थळावर घडलेली गोष्ट ॲपला कळली कशी? हा प्रश्न वाटतो तितका साधा नाही. कारण मोबाइलमध्ये प्रत्येक ॲप जणू आपापल्या बंद खोलीत राहते. एका ॲपने दुसऱ्याच्या खोलीत डोकावायचे नाही, त्याच्या वह्या वाचायच्या नाहीत, असा फोनचा कडक नियम असतो. तो नसता, तर एखाद्या खेळाच्या ॲपने बँकेच्या ॲपमधील माहिती सहज वाचली असती!

बंद खोलीतल्या माणसाला निरोप द्यायचा, तर दाराच्या फटीतून चिठ्ठी सरकवावी लागते. मोबाइलच्या जगातील ही चिठ्ठी म्हणजेच लिंक. या चिठ्ठीवर काय लिहिलेले असते, ती योग्य दारापर्यंत कशी पोहोचते, आणि तिच्यावर विश्वास किती ठेवावा, हे आज आपण पाहू.

मनीऑर्डरचा फॉर्म

तुमच्या आजोबांना मनीऑर्डर चांगली आठवत असेल. मुंबईच्या गिरणीत काम करणारा चाकरमानी कोकणातल्या घरी पैसे पाठवायचा तो मनीऑर्डरने. पोस्टात एक छापील फॉर्म मिळे. त्यात ठरावीक जागी पैसे घेणाऱ्याचे नाव, त्याचा पत्ता आणि रक्कम लिहायची. खाली चार ओळींचा मजकूर लिहिण्यापुरती जागा असे. 'पैसे मिळताच छपराचे काम करून घ्यावे' असा निरोप त्या जागेत मावायचा.

आता ताईच्या संध्याकाळच्या बटणामागे दडलेली लिंक पाहा. प्रत्यक्षात ती रोमन अक्षरांत असते. येथे आपण त्या अक्षरांचे उच्चार नागरीत लिहू, आणि पत्ता अर्थातच काल्पनिक घेऊ :

यूपीआय://पे?पीए=पुस्तके@बँक&पीएन=पुस्तकघर&एएम=२४०&सीयू=आयएनआर&टीएन=मागणी

पहिल्यांदा पाहताना ही चिन्हांची खिचडी वाटते. पण नीट पाहिले, तर हा मनीऑर्डरचा फॉर्मच आहे. 'पीए' म्हणजे पैसे घेणाऱ्याचा पत्ता, 'पीएन' म्हणजे त्याचे नाव, 'एएम' म्हणजे रक्कम, 'सीयू' म्हणजे चलन (येथे भारतीय रुपया) आणि 'टीएन' म्हणजे निरोपाची जागा. फॉर्मवरचे रकाने गेले आणि त्यांच्या जागी छोटी नावे आली, इतकेच.

यूपीआय ही पैसे देण्या-घेण्याची व्यवस्था नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशन ऑफ इंडिया, म्हणजेच एनपीसीआय, या मुंबईत मुख्यालय असलेल्या संस्थेने उभी केली. ११ एप्रिल २०१६ रोजी तिची सुरुवात झाली. वेगवेगळ्या बँका आणि वेगवेगळ्या कंपन्यांची ॲप यांना एकच फॉर्म वाचता यावा, म्हणून या रकान्यांची नावे सर्वांसाठी एकच ठरवून दिली आहेत. त्यामुळे लिंक कोणीही तयार केली, तरी 'एएम' पुढे रक्कमच असणार हे प्रत्येक ॲपला ठाऊक असते.

लिंकची फोड

व्याकरणाच्या तासाला आपण सामासिक शब्दाची फोड करतो, तशी या लिंकची फोड करून पाहू.

सुरुवातीपासून विसर्गासारख्या दोन टिंबांपर्यंतचा भाग, म्हणजे 'यूपीआय', हा लिंकचा प्रकार सांगतो. संकेतस्थळाच्या लिंकमध्ये या जागी 'एचटीटीपीएस' असते. दूरध्वनीच्या लिंकमध्ये 'टेल' असते, तर ई-पत्राच्या लिंकमध्ये 'मेलटू'. हा भाग वाचून फोनला कळते, की चिठ्ठी कोणत्या दाराशी न्यायची आहे.

पुढे येतो पत्त्याचा किंवा कामाचा भाग. आपल्या उदाहरणात तो 'पे' आहे, म्हणजे 'पैसे द्या'.

त्यानंतर येते प्रश्नचिन्ह. येथे कोणी कोणाला प्रश्न विचारीत नाही! प्रश्नचिन्हाचा अर्थ एवढाच, की पत्ता संपला आणि आता माहिती सुरू झाली. ही माहिती जोड्याजोड्यांनी लिहिलेली असते. बरोबरच्या चिन्हाच्या डावीकडे रकान्याचे नाव आणि उजवीकडे त्यात भरलेली माहिती. एक जोडी संपून दुसरी सुरू होते, तेथे 'आणि' चिन्ह (&) येते. पोस्टमन पाकिटावरचा पत्ता वाचतो, आतले पत्र वाचीत नाही. तसेच फोन मुख्यतः पुढचा भाग वाचून दार ठरवतो. प्रश्नचिन्हानंतरचा मजकूर उलगडणे हे चिठ्ठी मिळालेल्या ॲपचे काम.

ही लेखनपद्धती वेबइतकीच जुनी आहे. १९८९ साली जिनिव्हाजवळील सर्न या संशोधन-संस्थेत काम करणाऱ्या टिम बर्नर्स-ली या इंग्रज शास्त्रज्ञाने वर्ल्ड वाइड वेबची कल्पना मांडली. पाच वर्षांनी, डिसेंबर १९९४ मध्ये, असे पत्ते कसे लिहावेत याचे नियम प्रसिद्ध झाले. दोन टिंबांनंतर येणाऱ्या दोन तिरक्या रेघा तुम्ही पाहिल्या असतील. या रेघांची खरे तर काही गरज नव्हती, असे बर्नर्स-ली यांनी २००९ साली मोकळेपणाने कबूल केले! पण तोपर्यंत सगळ्या जगाला त्यांची सवय झाली होती.

चिठ्ठी दारापर्यंत कशी जाते?

ॲप फोनमध्ये आणताना ते आपल्याबरोबर एक जाहीरनामा घेऊन येते. त्यात इतर गोष्टींबरोबर हेही लिहिलेले असते, की 'अमुक प्रकारच्या लिंक मी उघडू शकतो'. फोन या सगळ्या जाहीरनाम्यांची नोंदवही ठेवतो. तुम्ही लिंकवर बोट ठेवता, तेव्हा फोन तिचा पहिला भाग वाचतो, नोंदवहीत पाहतो आणि ज्या ॲपचे नाव सापडेल त्याच्या हाती संपूर्ण लिंक देतो.

एकाच प्रकारासाठी दोन-तीन ॲपनी नावे नोंदवली असतील तर? यूपीआयच्या बाबतीत ही सोयच आहे. अँड्रॉइड फोन अशा वेळी ॲपची यादी दाखवतो आणि 'यांपैकी कोणते उघडू?' असे विचारतो. आपल्याला हवे ते आपण निवडतो.

पण हीच सोय दुसरीकडे अडचणीची ठरते. समजा, एका वाचनालयाने आपल्या ॲपसाठी 'वाचनालय' हा लिंकचा प्रकार स्वतः ठरवला. हे नाव त्याच्या मालकीचे नाही. उद्या एखाद्या लबाडाने दुसरे ॲप तयार करून त्याच्या जाहीरनाम्यातही 'वाचनालय' असे लिहिले, तर वाचनालयासाठी आलेली चिठ्ठी त्या लबाडाच्या हाती पडू शकते. आयफोनमध्ये तर दोन ॲपनी एकच नाव सांगितल्यास कोणते उघडेल याची खात्रीच देता येत नाही.

या अडचणीवर २०१५ साली अँड्रॉइड आणि आयफोन या दोन्हींनी जवळजवळ सारखाच उपाय काढला. तो समजण्यासाठी शाळेचे उदाहरण घेऊ. एक मुलगा म्हणतो, "मी अमुक शाळेचा विद्यार्थी आहे." केवळ त्याच्या सांगण्यावर विश्वास ठेवायचा का? नाही. शाळेत जाऊन पटावर त्याचे नाव आहे का, ते पाहायचे. नव्या पद्धतीत लिंक साध्या संकेतस्थळाचीच असते. ॲप म्हणते, 'या संकेतस्थळाच्या लिंक माझ्याकडे द्या.' मग फोनची प्रणाली त्या संकेतस्थळावर ठरावीक जागी ठेवलेली एक लहानशी फाइल तपासते. संकेतस्थळाच्या मालकाने त्या फाइलमध्ये आपल्या ॲपची ओळख लिहून ठेवलेली असते. दोन्हीकडचे जुळले, तरच लिंक थेट ॲपमध्ये उघडते. लबाडाला आपल्या जाहीरनाम्यात काहीही लिहिता येईल, पण दुसऱ्याच्या संकेतस्थळावरील पटात नाव घुसवता येणार नाही!

या पद्धतीचा आणखी एक फायदा आहे. फोनमध्ये ते ॲप नसेलच, तर लिंक वाया जात नाही. ती साध्या संकेतस्थळासारखी उघडते आणि वाचणाऱ्याचे काम अडत नाही.

चौकोन म्हणजे काय?

आता सकाळच्या चौकोनाकडे वळू. याला क्यूआर कोड म्हणतात. १९९४ साली जपानमध्ये डेन्सो या उद्योगसमूहात मासाहिरो हारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो तयार केला. मोटारींच्या सुट्या भागांची नोंद झटपट व्हावी, हा त्यामागचा हेतू होता. त्यातील काळे आणि पांढरे ठिपके म्हणजे एक आणि शून्य. तीन कोपऱ्यांतील मोठे चौकोन कॅमेऱ्याला दिशा दाखवतात. काही माहिती जादा लिहून ठेवलेली असते. त्यामुळे चौकोनाचा काही भाग मळला किंवा फाटला, तरी तो वाचता येतो. सर्वांत भक्कम प्रकारात सुमारे ३० टक्के भाग खराब झाला तरी चालते.

पैशांचा क्यूआर कोड वाचला, की त्यातून निघते ती आपण वर पाहिलेलीच ओळ! म्हणजे हा चौकोन ही छापलेली लिंकच आहे. फरक एवढाच, की ती माणसाच्या डोळ्यांसाठी नाही, कॅमेऱ्यासाठी आहे.

आता सुरुवातीच्या प्रश्नाचे उत्तर तुम्हीच देऊ शकाल. दुकानातील चौकोन एकदाच छापलेला आणि सर्व गिऱ्हाइकांसाठी एकच. त्यात रक्कम कशी लिहिणार? म्हणून त्यात पत्ता आणि नाव असते, 'एएम' चा रकाना नसतो. संध्याकाळची लिंक मात्र संकेतस्थळाच्या संगणकाने ताईसाठी, त्या एका खरेदीसाठी तयार केली होती. म्हणून तीत रक्कमही होती.

चिन्हांचा घोटाळा

एका दुकानाचे नाव 'जोशी & सन्स' आहे, असे समजा. ते लिंकमध्ये जसेच्या तसे लिहिले, तर काय होईल? 'पीएन=जोशी & सन्स&एएम=५०'. ॲप डावीकडून वाचत येते. 'आणि' चिन्ह दिसले, की जोडी संपली असे ते समजते. त्याच्या मते दुकानाचे नाव झाले 'जोशी', आणि 'सन्स' हा कोणता तरी अनोळखी रकाना!

म्हणजे जी चिन्हे लिंकच्या व्याकरणासाठी राखून ठेवली आहेत, ती मजकुरात वापरायची झाली, तर त्यांना वेष पालटून पाठवावे लागते. त्याची रीत अशी. संगणकात प्रत्येक चिन्हाला एक क्रमांक असतो. तो क्रमांक सोळाच्या पटीत मोजण्याच्या पद्धतीने लिहायचा आणि त्याच्या आधी टक्क्याचे चिन्ह लावायचे. 'आणि' चिन्हाचा क्रमांक ३८. आता ३८ = २ × १६ + ६, म्हणून ते लिहायचे %२६ असे. मोकळ्या जागेचा क्रमांक ३२, म्हणजे २ × १६ + ०, म्हणून %२०. हॅश चिन्हाचा (#) क्रमांक ३५. ते कसे लिहायचे, हे तुम्हीच काढा. ॲपकडे लिंक पोहोचली, की ते आधी जोड्या वेगळ्या करते आणि मग हा वेष उतरवून मूळ चिन्हे परत मिळवते.

आपल्या मराठी अक्षरांनाही लिंकमधून जाताना हाच वेष घ्यावा लागतो. जुन्या नियमांत फक्त रोमन अक्षरे, अंक आणि मोजकी चिन्हे यांनाच मोकळा प्रवेश होता. देवनागरीतील एक अक्षर संगणकात तीन अंकांनी लिहिले जाते. 'क' चे अंक आहेत २२४, १६४ आणि १४९. सोळाच्या पद्धतीत नवानंतरचे अंक ए, बी, सी, डी, ई, एफ असे लिहितात. त्यामुळे 'क' होतो %ई०%ए४%९५. एका अक्षराची नऊ चिन्हे झाली! शिवाय संगणक काना आणि वेलांटी वेगळी मोजतो. म्हणून 'मराठी' या शब्दात म, र, काना, ठ आणि वेलांटी अशी पाच अक्षरे होतात आणि लिंकमध्ये त्यांची ४५ चिन्हे होतात. मराठी विकिपीडियाच्या लेखाची लिंक कोणाला पाठवली, की टक्क्यांची लांबलचक रांग का दिसते, हे आता तुमच्या लक्षात आले असेल.

वेष पालटण्याचे हे काम टाळले, तर नुसता घोटाळाच नव्हे, तर लबाडीलाही वाव मिळतो. समजा, शाळेच्या सहलीची वर्गणी ८५० रुपये आहे. संकेतस्थळावर विद्यार्थ्याने आपले नाव लिहायचे आणि ते लिंकच्या निरोपाच्या रकान्यात जायचे. एका चलाख मुलाने नावाच्या जागी लिहिले, 'राजू&एएम=१'. संगणकाने ते न तपासता लिंकमध्ये घातले. आता लिंकमध्ये रकमेचे दोन रकाने झाले, एक ८५० चा आणि दुसरा १ चा! ॲप कोणता खरा मानील? ते ज्याने ॲप लिहिले त्याच्यावर अवलंबून राहील. एका चिन्हाचा हा केवढा परिणाम!

लिंकवर विश्वास किती ठेवावा?

आता सर्वांत महत्त्वाच्या मुद्द्याकडे येऊ. मनीऑर्डरचा फॉर्म आणि लिंक यांत आपण साम्य पाहिले. पण एक मोठा फरक आहे. मनीऑर्डरचा फॉर्म पैसे पाठवणारा स्वतः भरीत असे. येथे फॉर्म दुसराच कोणी तरी भरतो आणि सहीसाठी आपल्यापुढे ठेवतो! लिंक ही नुसती अक्षरांची ओळ आहे. ती कोणालाही लिहिता येते आणि कोणालाही बदलता येते. म्हणून ॲप तयार करणारे जाणकार एक नियम पाळतात : लिंकमधून आलेली माहिती ही विनंती आहे, आज्ञा नव्हे.

हा नियम मोडला तर काय घडते, याचे एक खरे उदाहरण आहे. संकेतस्थळावरील दूरध्वनी-क्रमांकावर बोट ठेवले, की फोनच्या पडद्यावर तो क्रमांक आपोआप लिहिला जातो. पण तुम्ही होकार दिल्याशिवाय फोन लागत नाही. ही झाली विनंती. मात्र काही क्रमांक विशेष असतात. *#०६# असा क्रमांक लिहून पाहा. शेवटचे हॅश चिन्ह उमटताच, हिरवे बटण न दाबताच, फोनचा १५ आकडी ओळख-क्रमांक पडद्यावर येतो. २०१२ साली रवी बोरगावकर या संशोधकाने अर्जेंटिनातील ब्वेनोस आइरेस येथे भरलेल्या परिषदेत एक धक्कादायक प्रयोग करून दाखवला. त्या वेळच्या सॅमसंगच्या काही फोनमध्ये असाच एक विशेष क्रमांक फोनमधील सर्व माहिती पुसून टाकत असे. तो क्रमांक संकेतस्थळाच्या पानावर दूरध्वनीच्या लिंकच्या रूपात ठेवला, की पान उघडताच फोन तो स्वतःच लिहून घेई आणि लगेच अमलातही आणी. मालकाला काही विचारण्याची वेळच येत नसे! क्रमांकातील हॅश चिन्ह लिंकमधून सुखरूप न्यायला वेष कोणता लागला असेल? तोच, जो तुम्ही थोड्या वेळापूर्वी काढलात : %२३. कंपनीने नंतर सुधारित आज्ञावली देऊन हा दोष दूर केला. पण धडा सर्वांसाठीच होता. लिंकने फॉर्म भरावा. तो मंजूर करणे माणसाकडेच असावे.

यूपीआयमध्येही हेच तत्त्व पाळतात. लिंकमध्ये 'पीएन' पुढे लिहिलेले नाव लिंक तयार करणाऱ्याने लिहिलेले असते. तो तेथे कोणाचेही नाव लिहू शकतो. म्हणून ॲप पत्ता घेऊन व्यवस्थेला विचारते, 'हे खाते बँकेत कोणाच्या नावावर आहे?' २०२५ साली एनपीसीआयने असा दंडकच घालून दिला, की पैसे देणाऱ्याला बँकेच्या नोंदीतील नावच दाखवावे, चौकोनातून आलेले नाव नव्हे.

उलट बाजूने दुकानदारालाही ही काळजी घ्यावी लागते. गिऱ्हाईक आपल्या फोनवर 'पैसे गेले' असे चित्र दाखवील. पण ते खरे कशावरून? म्हणून अनेक दुकानांत तुम्ही बोलणारी डबी पाहिली असेल. 'पंच्याऐंशी रुपये मिळाले' असे ती मोठ्याने सांगते. ही डबी गिऱ्हाइकाच्या फोनशी बोलत नाही. तिच्यात स्वतःचे सिमकार्ड असते आणि तिला निरोप येतो तो पैशांची सेवा देणाऱ्या कंपनीच्या संगणकाकडून. पुस्तकाच्या संकेतस्थळानेही ताईच्या फोनच्या सांगण्यावर विसंबायचे नसते. पैसे किती आले, ते त्याने वेगळ्या मार्गाने विचारायचे असते. २४० च्या लिंकमध्ये कोणी २ रुपये लिहिले, तर ते तेथे लगेच उघडकीस येते.

तरीही एक जागा अशी उरते, जेथे कोणतेही यंत्र मदत करू शकत नाही. समजा, तुमच्या आजीने जुने शिवणयंत्र विकायचे ठरवले. एक गोड बोलणारा माणूस फोन करतो. "आजी, तीन हजार रुपये पाठवतो. ही लिंक उघडा, पिन टाका, की पैसे तुमच्या खात्यात आलेच समजा." आजी लिंक उघडते. पडद्यावर ३००० हा आकडा दिसतो. निरोपाच्या जागी 'शिवणयंत्राचे पैसे' असेही लिहिलेले असते. पण त्या लिंकमध्ये काम कोणते लिहिले आहे, हे आता तुम्हाला ठाऊक आहे : 'पे', म्हणजे 'द्या'! पत्ता त्या माणसाचा, रक्कम त्याने लिहिलेली आणि निरोपही त्यानेच लिहिलेला. फॉर्म पूर्ण भरलेला आहे. फक्त आजीच्या मंजुरीची वाट आहे.

म्हणून ही गोष्ट पक्की ध्यानात ठेवा आणि घरातही सांगा : पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही. पिन मागितला जात असेल, तर पैसे मिळण्याचे काम चाललेले नाही. शिवाय लहान रकमा पिनशिवाय देण्याची सोयही असते. तेव्हा नाव आणि रक्कम वाचल्याशिवाय पुढचे बटण दाबायचे नाही, ही सवयच खरी कामाची. फसवणूक झालीच, तर १९३० या क्रमांकावर विनाविलंब कळवावे. जितके लवकर कळवाल, तितकी पैसे अडवले जाण्याची शक्यता अधिक.

करून पाहा

१. मराठी विकिपीडियावरील एखाद्या लेखाची लिंक उतरवून दुसरीकडे चिकटवा. टक्क्यांची रांग दिसली, तर लेखाच्या नावात किती अक्षरे आहेत ते तिच्यावरून मोजा. काना-मात्रा वेगळ्या धरायला विसरू नका.

२. टक्क्याच्या चिन्हाचा स्वतःचा क्रमांक ३७ आहे. मजकुरात '५०% सूट' असे लिहायचे असेल, तर लिंकमध्ये ते कसे लिहावे लागेल? आणि टक्क्याच्या चिन्हालाही वेष का घ्यावा लागतो?

३. वर्गात हा खेळ खेळा. चार मुले चार ॲप होतील आणि आपला जाहीरनामा फळ्यावर लिहितील. एक मुलगी फोन होईल. बाकीच्यांनी चिठ्ठ्यांवर लिंक लिहून तिच्याकडे द्यायच्या. ती केवळ पहिला भाग वाचून योग्य ॲपकडे चिठ्ठी देईल. ॲपने जोड्या सुट्या करून मोठ्याने वाचायच्या. काही जणांनी मुद्दाम चुकीच्या किंवा लबाड चिठ्ठ्या लिहाव्यात : दोन रकमा, उणे रक्कम, रकमेच्या जागी शब्द, नावात 'आणि' चिन्ह. अशा वेळी ॲपने काय करावे, यावर शिक्षकांच्या मदतीने चर्चा करा. या चर्चेतून जे नियम निघतील, ते फळ्यावर उतरवून घ्या. खऱ्या ॲपसाठी आज्ञावली लिहिणाऱ्यांनाही नेमके हेच नियम आधी ठरवावे लागतात.

पुढच्या वेळी ताईबरोबर दुकानात जाल, तेव्हा त्या चौकोनाकडे जरा निराळ्या नजरेने पाहाल. आत एक भरलेला फॉर्म आहे, हे तुम्हाला ठाऊक असेल. ताई घाईत असली, तर तिला एवढेच विचारा, "ताई, नाव वाचलेस का?"